हार्डबोर्डचं छत

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, धुळे शहरातील एका राहत्या घराची किंमत आमच्या नानाकाकांनी एकदा भर उन्हाळ्यात स्वहस्ते वाढवली. या घटनेची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. त्या वेळी हजर असलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या डोक्यावर माती पडली होती, त्यामुळे त्यांची साक्ष कितपत धरावी हा प्रश्नच आहे. मी मात्र दाराशी उभी होते, अंगावर कण नव्हता आणि माझे डोळे उघडे होते. तेव्हा जे सांगते ते ऐका.

घर आमचं. म्हणजे आजोबांनी बांधलेलं, धाब्याचं. ज्यांनी धाब्याचं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड जाड भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्या आणि त्यांवर हातभर माती थापून केलेलं सपाट छप्पर. खानदेशच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली बसलं की मडक्यात बसल्यासारखं गार वाटतं. फक्त दरवर्षी पावसाळ्याआधी वर खारी माती पसरावी लागते आणि वर्षभर ती माती थोडी थोडी खाली झिरपत राहते. आमच्याकडे वरणाला एक वेगळीच चव असे. पाहुणे कौतुक करत, आई गप्प बसे.

धुळ्यात तेव्हा गल्ल्यांना नंबर होते, अजूनही आहेत. आमची कितवी ते सांगत नाही, कारण त्या गल्लीतल्या बायका अजून खणखणीत आहेत आणि त्यांना माझा पत्ता माहीत आहे.

तर झालं असं की आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जळगावला बदली झाली. ते कचेरीत हेडक्लार्क होते. घर धुळ्यात, मी धुळ्यात कॉलेजला, धाकटा भाऊ शाळेत. म्हणून आबा एकटे जळगावला राहिले. नानाकाका, त्यांचे थोरले भाऊ, जळगावातच होते. पण त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचीच माणसं एकमेकांच्या अंगावरून चालत. म्हणून आबांनी केळीच्या वखारीवरची एक खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी पारोळ्यावरून येणाऱ्या एसटीनं ते घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. आले की त्यांच्या शर्टाला, पिशवीला, अगदी मिशीलासुद्धा पिकलेल्या केळ्यांचा वास असे. भाऊ म्हणायचा, "आबा आले, आता शिकरण कर."

आम्ही हसायचो. आबाही हसायचे. पण एका रविवारी मी त्यांना परसात कपडे वाळत घालताना पाहिलं. आईनं हातातून बादली घ्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. सवय झाली." आई तशीच हात पुढे करून उभी राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला घरी यायचंय, आणि शनिवारची एसटी त्याला घरी आणत नाही, नुसतं भेटवून नेते.

जळगावात एक छोटं घर त्यांनी पाहून ठेवलं होतं. मालक भला माणूस होता, म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत तुमच्यासाठी थांबतो. पुढं माझाही इलाज नाही." म्हणजे धुळ्याचं घर पावसाळ्याच्या आत विकलं गेलं पाहिजे, नाहीतर आबा आणि केळी यांचा संसार पुढे चालू. गोष्ट एवढीच होती. आम्हाला सगळ्यांना, अगदी आईलासुद्धा, घर विकायचंच होतं.

घर पाहायला लोक आले. एक आला, उंबऱ्यातूनच म्हणाला, "जुनं आहे." दुसरा आत आला, वर पाहिलं, डोळ्यात कण गेला, डोळा चोळत निघून गेला. तिसऱ्याला आईनं जेवायला घातलं. तो जेवला छान, पण वरणाचं कौतुक करून गेला तो गेलाच.

आणि मग जळगावहून नानांचं आगमन झालं.

नाना बांधकामखात्यात ओव्हरसिअर होते. आयुष्य दुसऱ्यांच्या भिंतींना टेप लावण्यात गेलेलं. स्वतःचं घर त्यांनी कधी बांधलं नाही, त्यामुळे घर कसं असावं याबद्दल त्यांची मतं अगदी शुद्ध राहिली होती. पांढरी टोपी, पांढरा सदरा, खिशात टेप. दारात पाऊल टाकलं आणि चप्पल काढण्याआधी त्यांनी घोषणा केली:

"घर विकायचं नसतं. घर उजवायचं असतं!"

आबा म्हणाले, "म्हणजे नाना?"

"म्हणजे तू पोरगी दाखवायला बसवतोस ती काय चुलीपुढून उठवून? तोंड धुतो, पावडर लावतो, नवं लुगडं नेसवतो. मग घरानं काय पाप केलंय? गिऱ्हाईक घर बघत नाही रे, गिऱ्हाईक जमीन बघतं, भिंत बघतं आणि वर बघतं. या तीन ठिकाणी नवं दिसलं की किंमत आपोआप वाढते."

आई आतून म्हणाली, "आणि चौथ्या ठिकाणी?"

"चौथ्या ठिकाणी कोणी बघत नाही."

असं म्हणून नानांनी टेप काढला. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि त्या क्षणापासून मी बांधकामखात्यात कामाला लागले.

पहिली गेली जमीन. शेणानं सारवलेली, पायाला मऊ लागणारी जमीन खणून तिथं शहाबादी फरशी बसवली. खोटं का बोला, मला ती फार आवडली. मैत्रिणींना बोलावून मी त्यांना तिच्यावरून अनवाणी चालवलं. मग भिंती. आजवर चुना होता. नानांनी डिस्टेंपर आणला, पिस्त्याच्या रंगाचा. एक हात मारला तेव्हा घर आजारी दिसलं, दुसरा मारला तेव्हा मिठाईचं दुकान दिसलं. दारं-खिडक्या चॉकलेटी ऑइल पेंटनं मी रंगवल्या, आणि त्या पेंटचा एक ठिपका माझ्या कॉलेजच्या साडीवर कायमचा मुक्कामाला राहिला. न्हाणीला नवं दार लागलं. ओट्याची कड सिमेंटनं घोटली. गल्लीतून जाणारे लोक थांबून आत डोकावू लागले. "काय आबा, लग्न काढलं का पोरीचं?" असं दोघांनी विचारलं. आबा नुसते हसले. शनिवारी आले की ते घरात हात मागे बांधून हिंडायचे आणि प्रत्येक भिंतीला हलकेच बोट लावून बघायचे. बोटाला रंग लागायचा. तो ते पायजम्याला पुसायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

राहिलं वर.

"छत करू," नाना म्हणाले. "हार्डबोर्डचं. जळगावात एका साहेबाच्या बंगल्यात पाहिलंय मी. सपाट, पांढरं, एक कण खाली येणार नाही. खालून बघणाऱ्याला वाटावं, स्लॅबच आहे."

सुतार आला. तुळयांच्या खालून लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर हार्डबोर्ड मारायचा बेत ठरला. आणि तिथं सुताराचा हात थांबला. बैठकीच्या मधल्या तुळईला दोन लोखंडी कड्या लटकत होत्या. आतून घासून घासून चांदीसारख्या झालेल्या.

"ह्या आड येताहेत," तो म्हणाला.

"काढ," नाना म्हणाले.

त्यानं ओढून पाहिल्या, पिळून पाहिल्या. कड्या तुळईच्या आरपार जाऊन वरून बसवलेल्या होत्या. त्या निघेनात. शेवटी त्यानं त्या वर दुमडल्या आणि बोर्डाच्या मागे लपवून टाकल्या.

आता या कड्या कशाच्या, ते खानदेशातल्या माणसाला सांगायची गरज नाही. पण बाहेरचं कोणी वाचत असेल तर सांगते. आमच्याकडे दिवाळी दिवाळीच्या जागी; पण सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणतात ते आखाजीला. तुम्ही तिला अक्षय्य तृतीया म्हणता. त्या दिवशी पितरांची घागर भरतात, आमरस होतो, खापरावर हातभर रुंद मांडे भाजतात, पुरुष माणसं उघड्यावर पत्ते कुटतात आणि कोणी त्यांना बोलत नाही. आणि लेकी झोका खेळतात. खेड्यात झाडाला बांधतात. आमच्या गल्लीत झाड नव्हतं. गल्लीतला सगळ्यात दांडगा सर, म्हणजे तुळई, आमच्या घरात होता, आजोबांनी नवापूरकडून बैलगाडीनं आणवलेल्या सागाचा. त्यामुळे आजोबांच्या वेळेपासून गल्लीतल्या साऱ्या लेकींचा झोका आमच्या बैठकीत. दुपारी जेवणं झाली की दार उघडायचं आणि पुरुषांनी बाहेर निघून जायचं, असा रिवाजच होता.

आई त्या पांढऱ्या छताकडे बघत म्हणाली, "आणि आखाजीला?"

नाना म्हणाले, "यंदा दुसरीकडे बांधतील. सांगून ठेवा तुम्ही सगळ्यांना."

आई काही बोलली नाही. नानांना वाटलं, ती "बरं" म्हणाली.

दोन-तीन आठवड्यांत अमळनेरहून निरोप आला. तिथले एक सरकीचे व्यापारी धुळ्यात घर शोधत होते. मूळचे राजस्थानकडचे, पण अमळनेरात मुरलेले. शेठजींनी कळवलं होतं: आखा तीजचा, म्हणजे आपल्या आखाजीचाच, दिवस शुभ आहे, त्या दिवशी मांजींना, म्हणजे आईला, घेऊन घर पाहायला येतो, पसंत पडलं तर तिथंच नारळ ठेवू.

आबांनी तो निरोप दोनदा वाचला. नाना तर टाळ्या वाजवून म्हणाले, "साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त! याहून चांगलं काय असतं?" आणि ती तारीख ठरली. सगळ्या खानदेशात ज्या एका दुपारी आपल्या घरात पुरुषांना पाऊल ठेवता येत नाही, ती दुपार या दोघा खानदेशी भावांनी पुरुषांच्या व्यवहाराला देऊन टाकली. आणि दोघांनाही ते कळलं नाही, कारण लहानपणापासून आखाजीच्या दुपारी ते बाहेर पत्ते कुटत होते.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "तू सांगितलंस का सगळ्यांना? झोका नाही म्हणून?"

ती कुरडया मोजल्यासारखं करत म्हणाली, "कोणत्या तोंडानं सांगू? पहूरला दिलेली पोर दोन एसट्या बदलून येते. वर्षभर सासूचं ऐकते. तिला दारात सांगू, बाई, यंदा आमच्या घराची किंमत वाढलीय, तू घरी जा?"

"पण मग शेठ?"

"शेठ येतील, बघतील, जेवतील, जातील. पोरी दुपारच्या येतात." मग थोडं थांबून म्हणाली, "मलाही तुझ्या बापाला घरी आणायचंय गं. पण सांगायला तोंड होत नाही."

तिच्या हिशोबात एकच गडबड होती. अमळनेरहून माणूस सकाळी निघाला, तरी आखाजीच्या गर्दीच्या एसटीत बसून धुळ्याला दुपारीच पोचतो.

आखाजी उजाडली. घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, नैवेद्य झाला. नाना आदल्या दिवशीच येऊन घरभर निरीक्षण करून चुकले होते. आता नवी इस्त्रीची टोपी घालून ओट्यावर उभे होते. आबांनी दाढी दोनदा केली. आणि ऊन अगदी डोक्यावर आलं तेव्हा शेठजी आले. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे, धोतर नीटनेटकं. मागून त्यांच्या मांजी, घागरा आणि ओढणी, इतक्या बारीक की ओढणीच चालत येतेय असं वाटावं. त्या आल्या, नव्या फरशीवर भिंतीशी टेकून बसल्या, पन्हं प्यायल्या आणि डोळे मिटले. शब्द नाही.

शेठजींनी घर पाहायला सुरुवात केली. नाना पुढे पुढे.

"ही फरशी. शहाबादी. नवीन."

शेठजींनी फरशीवर टाच आपटून पाहिली.

"या भिंती. डिस्टेंपर. नवीन."

शेठजींनी बोटाला थुंकी लावून भिंतीवर फिरवलं. बोट पिस्त्याचं झालं.

"आणि हे छत. हार्डबोर्ड. एकदम नवीन."

शेठजी मान वर करून बराच वेळ त्या पांढऱ्या सपाटीकडे पाहत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "नवं का?"

नाना गडबडले. "का म्हणजे? छान दिसतं."

"तसं नाही हो साहेब. जुनं घर, सगळं नवं. म्हणून विचारलं." मग आबांकडे वळले. आबांशी बोलताना त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "राग मानू नका. माझा धंदा सरकीचा. गाडीतून पोती उतरतात. ज्या पोत्याची शिवण नवी असते ना, त्याला आम्ही आधी परखी खुपसतो. टोकदार नळी असते, पोतं न उसवता आतला माल दिसतो. आता भिंतीला रंग, मला वाटतं आत तडा असेल. जमिनीला फरशी, मला वाटतं खाली ओल असेल. आणि छताच्या वर..." ते हसले. "छताला परखी कुठून लावू? वर वाळवी असेल, सर कुजला असेल. नसेलही. पण ठाऊक कसं व्हावं?"

आबांच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, "नाही, तसं काही नाही, सागवान आहे..." आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं की प्रत्येक विकणारा हेच म्हणतो. नानांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली.

"विचार करून कळवतो," शेठजी म्हणाले. ते मांजींना हात द्यायला वाकले.

विचार करून कळवतो म्हणजे काय, हे त्या घरात आता भावालासुद्धा ठाऊक झालं होतं. मला समोर पावसाळा दिसला. आबांची पिशवी दिसली. आणि त्याच क्षणी दारात बांगड्या वाजल्या.

बठ्ठ्या आल्या होत्या. गल्लीतल्या साऱ्या लेकी. नव्या साड्या, हातभर मेंदी, केसांत फुलं. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या खांद्यावर नवा कोरा दोर, दोघींच्या हातात झोक्याची फळी. सगळ्यांत पुढे समोरच्या शिंप्याची थोरली लेक, पहूरला दिलेली. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. आत पुरुष बसलेले पाहून ती उंबऱ्यातच थांबली. मग तिनं सवयीनं वर पाहिलं.

"आबा, कडी कोठे गई?"

आबांनी नानांकडे पाहिलं.

"यंदा झोका नाही गं," आबा कसेबसे म्हणाले. "तुम्हाला निरोप दिला ना?"

"कोण निरोप दिना? काकूनी तर सांगं, दुपारले या, दोर नवा लई या!"

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. आई हातातल्या पळीकडे अशी बघत होती, जणू ती पळी तिनं आयुष्यात प्रथमच पाहिली.

"ते हार्डबोर्ड आहे!" नाना ओरडले. "त्याला हात लावायचा नाही!"

"नाना," ती शांतपणे म्हणाली, "तुमना हारबोड तुमना घर लई जा. वरीसमा एकदाव येतस आम्ही."

ती तरातरा आत गेली, कोपऱ्यातलं मुसळ घेऊन आली आणि छताला खालून ठोकत चालू लागली. ठप. ठप. ठप. घरात दुसरा आवाज नाही. शेठजी मांजींचा हात धरून तसेच वाकलेले. ठप. ठप. आणि मग, टण्ण!

"आठेच शे! सापडनी!"

नाना "नको नको" करत तिच्याकडे धावले. मुसळाचा एक रेटा. हार्डबोर्डचा तक्ता कुरकुरला, एका बाजूनं लोंबला आणि खिळ्यांसकट खाली आला. त्याच्याबरोबर आला गेल्या महिन्याभरात वर साठलेला धाब्याचा सगळा प्रसाद: माती, काड्या आणि एक अख्खं चिमणीचं घरटं, सुदैवानं रिकामं. ते नेमकं नानांच्या टोपीवर बसलं. नवरदेवाच्या डोक्यावर बाशिंग बसावं तसं नीट मधोमध.

कोणी हसलं नाही. हसू नंतर आलं, अजून येतं. त्या वेळी सगळे वर पाहत होतो. मातीचा लोट खाली बसला आणि वर ती तुळई दिसली. काळीभोर, तेलकट, माझ्या कंबरेएवढी जाड. दोन्ही कड्या खाली येऊन लटकल्या, अजून थोड्या हलत.

पोरींनी कोणाची परवानगी मागितली नाही. एकीनं दोर कडीतून ओवला, दुसरीनं गाठ मारली, फळी बसली. दोघी बसल्या, दोघी त्यांच्या मागेपुढे उभ्या राहिल्या आणि आखाजीचं गाणं उचललं गेलं. झोका भिंतीपासून भिंतीपर्यंत जाऊ लागला. चार भरलेल्या बाया. कड्या किर्र किर्र बोलत होत्या.

पुरुषांनी खरं तर बाहेर जायला हवं होतं. आबा आणि नाना निघालेही. पण शेठजी उभेच. ते भिंतीकडे गेले, तुळई जिथं भिंतीत शिरते त्याच्या खाली उभे राहिले आणि तळहात भिंतीवर टेकवला. डोळे मिटून, नाडी पाहावी तसा. झोका गेला, आला. गेला, आला. मग त्यांनी हात काढून तळहात पाहिला. त्यावर पिस्त्याचा रंग होता. मातीचा कण नव्हता.

"थांबू नका," ते पोरींना म्हणाले. "चालू द्या." मग आबांकडे वळून जवळजवळ रागानंच म्हणाले, "हे झाकून ठेवलं होतं तुम्ही?"

आबा म्हणाले, "जुनं दिसतं ना..."

"आबासाहेब, पोत्याचं वजन होतं तेव्हा आम्ही बारदानाचं, रिकाम्या गोणीचं, वजन वजा करतो. तुम्ही मला सगळं बारदानच दाखवत बसलात." त्यांनी हात झोक्याकडे केला. "माल हा आहे."

मी पुढे जळगावात संसार केला. लोकांची घरं पाहिली, आमचंही दोनदा रंगवलं. त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नाना चुकले असं मला कधीच वाटलं नाही. ती फरशी छानच होती. शेठांच्या घरात पुढं कितीतरी वर्षं ती तशीच होती असं ऐकलं. घर नीट करावं, त्यात राहणाऱ्याला सुख होतं. पण आपल्या घरात काय चांगलं आहे हे आपल्यालाच दिसत नाही, कारण आपण त्याच्याखाली रोज जेवत असतो. आम्ही लाज वाटून ज्या कड्या दुमडल्या, त्या गल्लीतल्या पन्नास घरांना तोंडपाठ होत्या. आजोबांनी घर बांधताना लेकी झोका खेळतील म्हणून तुळई जाड घातली की तुळई जाड निघाली म्हणून झोका बांधला, हे आता सांगायला कोणी नाही. मला वाटतं, दोन्ही. आणि आबांनाही त्या दुपारी, तसं तोंडावर दिसत होतं, आपल्या बापाचं घर पहिल्यांदा कोणीतरी नीट पाहिलं.

शेठजींनी पिशवीतून नारळ काढला, वर सव्वा रुपया ठेवला आणि आबांच्या ओंजळीत दिला. आई पळी हातात घेऊनच दारात आली. तिनं आबांकडे पाहिलं आणि आबांनी तिच्याकडे. त्या बघण्यात काय होतं ते मी लिहिणार नाही. काही गोष्टी मीही झाकून ठेवते.

नारळ पाहून शिंप्याच्या लेकीनं पाय टेकवून झोका थांबवला. गाणं अर्ध्यावर तुटलं.

"म्हणजे घर इकाई गे?"

"हो गं," आई म्हणाली. "आम्ही जळगावला चाललो."

पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी रडलं बिडलं नाही. पण दोर धरलेले हात सैल झाले. आबांनी ओंजळीतल्या नारळाकडे पाहिलं आणि मला वाटलं, हा माणूस आता तो परत देईल. नाना घरट्यासकट स्तब्ध. शेठजी घसा खाकरत म्हणाले, "आता घरातलं हे सगळं... मांजींच्या हातात असतं. त्या म्हणतील तसं."

आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की मांजी भिंतीशी नाहीत.

त्या झोक्यापाशी उभ्या होत्या. कधी उठल्या, कोणी पाहिलं नाही. ओढणी त्यांनी कंबरेला खोचली होती. त्यांनी फळीवर हात ठेवून ती दाबून पाहिली, जसा त्यांचा मुलगा भिंत दाबून पाहत होता. मग दोन्ही दोर धरून, एक हलकी उडी मारून, त्या फळीवर बसल्या. त्यांचे पाय जमिनीला पुरत नव्हते.

शिंप्याच्या लेकीनं दोर धरला, पण झोका दिला नाही. वाकून, एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, अगदी हळू विचारती झाली, "मांजी, पुढल्या आखाजीले आम्ही येऊत का आठे?"

घरात आल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. राजस्थानी बोलतील की हिंदी, आम्हाला ठाऊक नव्हतं. अमळनेरच्या बाजारात जन्म गेलेल्या त्या म्हातारीनं मान मागे टाकली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा अस्सल खानदेशीत ओरडून म्हटलं:

"आधी जोरमा झोका दे व पोरी, मंग इचार!"